जिन्याच्या पायथ्याचा खांब

खांब माझ्या हातात आला तेव्हा मी दुसऱ्या पायरीवर होते आणि दुसऱ्या हातात धुतलेल्या कपड्यांची बादली होती. थेरगावातल्या आमच्या घरात जिन्याचा लाकडी कठडा त्या खांबापासून सुरू होतो. वर जाणारा प्रत्येक जण आधी त्याच्या गोल डोक्यावर हात ठेवतो आणि मग पाय उचलतो. मीही तेच केलं. फक्त त्या दिवशी खांब जागेवर थांबला नाही. अगदी सभ्यपणे, फारसा आवाज न करता तो माझ्याकडे झुकला, त्याच्याबरोबर मीही झुकले, आणि पुढच्या क्षणी मी फरशीवर बसले होते. मांडीवर खांबाचं डोकं, आजूबाजूला ओले टॉवेल.

सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, टॉवेलांकडे पाहिलं.

"परत धुवावे लागतील," त्या म्हणाल्या. मग एकदम आठवल्यासारखं, "लागलं का गं तुला?"

लागलं नव्हतं. पण मला हसू येईना, कारण पुढच्याच आठवड्यात आबांचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आबा म्हणजे माझे सासरे. वय चौऱ्याहत्तर, डावा गुडघा पार झिजलेला, आणि झोपायची खोली वरच्या मजल्यावर. फिजिओथेरपीच्या बाईंनी आम्हाला आधीच बजावलं होतं की नवा गुडघा घेऊन घरी आल्यावर जिना चढायला हरकत नाही, पण दोन्ही बाजूंना धरायला पक्का आधार पाहिजे. आमच्याकडे एका बाजूला आधार होता. तो आता माझ्या मांडीवर होता.

आबांना खालच्या हॉलमध्ये झोपवायचा प्रस्ताव मी त्याआधी दोनदा मांडला होता. दोन्ही वेळा त्यांनी पेपर थोडा वर उचलून वाचन चालू ठेवलं होतं.

आवाज ऐकून तेही खाली आले. एक हात भिंतीला, एक पायरी, थांबा, दुसरी पायरी. खांब आडवा पडलेला पाहून त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी नातेवाईक चक्कर येऊन पडलाय. तो खांब त्यांनी स्वतः केला होता. पिंपरीच्या एका कंपनीत ते टर्नर होते, लेथवर लोखंड कातण्यात पस्तीस वर्षं गेली. घर बांधलं तेव्हा कंपनीत मशिनं ज्या खोक्यांतून यायची त्यातलं लाकूड घेऊन त्यांनी तो खांब आणि अख्खा कठडा तयार केला होता.

"कसा पडला?" त्यांनी विचारलं.

"मी हात ठेवला."

"हात तर सगळेच ठेवतात."

आता मी चाकणच्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. गाड्यांचे सुटे भाग तपासते आणि नाकारते. कुठलाही भाग बिघडला की आमच्याकडे पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे, आणि ती सवय कंपनीच्या बसमधून माझ्याबरोबर घरी येते. मी खांब उलटा केला. बूड काळं पडून भुसभुशीत झालं होतं. नखानं उकरलं तर निघत होतं.

"खांब का पडला? बूड कुजलं म्हणून," मी म्हटलं. "बूड का कुजलं? पाणी मुरलं म्हणून. पाणी का मुरलं? रोज खांबाच्या भोवती पाणी साचतं म्हणून. पाणी का साचतं?"

इथं मी थांबायला हवं होतं. सासूबाई रोज सकाळी सगळा हॉल बादलीभर पाण्यानं धुऊन काढतात. पुसत नाहीत, धुतात. गेली चाळीस वर्षं.

"म्हणजे माझ्यामुळं पडला?" सासूबाई म्हणाल्या.

"तसं नाही आई..."

"मग कसं? माझ्याशिवाय इथं पाणी टाकतं कोण?"

त्या दुपारी जेवणात भाजी तिखट होती. योगायोग असेल.

माझं नशीब एवढंच की कंपनीचं वार्षिक शटडाऊन नुकतंच सुरू झालं होतं. आठ दिवस सुट्टी. नवरा सहा महिन्यांसाठी होसूरच्या प्लांटवर होता. त्यानं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि सल्ला दिला, "स्टीलचं रेलिंग बसवून टाक. एका दिवसात होतं." मी फोन स्पीकरवर ठेवला होता, ही माझी चूक. आबांनी दोन तास तोंडासमोरचा पेपर काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सुतार मिस्त्री आले. थेरगावातलेच, जुन्या गावठाणातले. साठीच्या पुढचे, बारीक, कानावर पेन्सिल. सोबत कुणी नव्हतं. दोन्ही मुलं नोकरीला लागली, हाताखाली आता कुणी मिळत नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यांनी पडलेला खांब हातात घेतला, फिरवून पाहिला, वास घेतला.

"खोक्याचं लाकूड हाय," ते म्हणाले. "पर कातलंय झ्याक. कुणी केला?"

"मी," आबा खुर्चीतून म्हणाले.

"तुमी सुतार?"

"टर्नर."

"मंग व्हय," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी खांब जमिनीवर जरा जपून ठेवला. आबांचा चेहरा थोडा सैल झाला.

पण लगेच वाजलंही. मिस्त्रींचं म्हणणं, नवा खांब चौकोनी करू, कडा मारू, दिसायला ठसठशीत आणि दोन दिवसांत तयार. आबांचं म्हणणं, चौकोनी खांबाच्या डोक्यावर हात ठेवून बघा, कोपरा तळहाताला टोचतो. मिस्त्री म्हणाले, गोल कातायला माझ्याकडं लेथ न्हाई, आन आता इथं लाकूड कातून देणारं उरलंय कोण.

"लेथ मी बघतो," आबा म्हणाले. "तुम्ही सागवान आणा."

मी आणि सासूबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. पाच दिवसांनी ऑपरेशन असलेला माणूस लेथवर उभं राहायचं बोलत होता.

मिस्त्री मात्र खूश झाले. "बारा वर्षं झाली ताई," वखारीकडं जाताना ते रिक्षात मला सांगत होते, "निस्तं प्लायवूड कापतोय आन सनमायका चिटकवतोय. सुतार म्हनायचं म्हनून म्हनायचं. आज लाकडाचा वास तरी यील." वखारीत त्यांनी पाऊण तास घातला. नवं लाकूड नको म्हणाले, ते अजून ओलं असतं, बसवल्यावर पिळतं. मागच्या बाजूला जुनी लाकडं रचून ठेवली होती. त्यांनी एकेकावर बोटानं टकटक केलं, कान लावला, दोन नाकारली, तिसऱ्यावर नखानं ओरखडा काढला. कामात मी इतकी वर्षं तपासणी करते, पण एवढ्या कमी साधनांत कुणी तपासताना मी पाहिलं नव्हतं. शेवटी कुठल्याशा गोदामाची तुळई पसंत पडली. तिच्यातून खांबासाठी एक चौकोनी तुकडा निघाला, आणि हाताखाली धरायच्या दोन लांब पट्ट्या. एक कठड्याच्या वर बसवायला, एक समोरच्या भिंतीवर. मिस्त्री त्याला हँडरेल म्हणत, सासूबाई नुसतं दांडा म्हणत.

दांडे अकरा फुटी होते. टेम्पोनं गल्लीच्या तोंडापर्यंत आणून सोडले, पण आमच्या दारातून ते आत वळेनात. दार, त्यानंतर अरुंद बोळ, मग उजवीकडे हॉल. मिस्त्री म्हणाले, "मधी कापू, आत गेल्यावं जोडू." आबा म्हणाले, "जोड नको. जोडावर हात अडकतो." शेवटी हॉलच्या खिडकीची जाळी काढली आणि समोरच्या घराच्या ओट्यावरून दांडे सरळ आत सरकवले. समोरच्या घरातल्या काकू टीव्ही बंद करून बाहेर आल्या आणि सासूबाईंना विचारू लागल्या की काय चाललंय. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सूनबाईनं खांब पाडला." पाण्याचा विषय निघाला नाही.

त्याच संध्याकाळी भिंतीवरच्या दांड्याची उंची ठरवायची होती. मी टेप घेऊन तयार होते. फोनवर प्रमाण उंची शोधून ठेवली होती. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहून मान हलवली.

"ताई, ते मोजमाप सरकारी इमारतीला. घरात जो चढतो त्याचा हात कुठं पडतो ते बघायचं." मग सासूबाईंकडं वळून, "वैनी, गेरू हाय का घरात?"

गेरू होता, तुळशीच्या कुंडीसाठी आणलेला. वाटीत तो कालवला, आबांच्या उजव्या तळहाताला लावला आणि मिस्त्री म्हणाले, "आता जिना चढा. हाताकडं बघू नगा. जिथं टेकावासा वाटंल तिथं टेका."

आबा चढले. हळूहळू, दोनदा थांबून. दिवाळीला रंगवलेल्या भिंतीवर एकेक तांबडा पंजा उमटत गेला. सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. पंजे एका रेषेत नव्हते. सुरुवातीचे वर होते, मधले खाली घसरलेले, कारण मधल्या पायऱ्यांवर गुडघा दुखतो आणि अंग भिंतीवर कलतं. मिस्त्रींनी प्रत्येक पंजाखाली पेन्सिलीनं खूण केली.

"आता वैनी, तुमी."

"मला कशाला? माझे गुडघे ठीक आहेत."

"चढा हो. तुमी बी ह्याच घरात राहता न्हवं?"

सासूबाईंनी हात लाल करून घेतला आणि चढल्या. त्या बुटक्या आहेत, माझ्या खांद्याला लागतात. त्यांचे पंजे आबांच्या पंजांपेक्षा वीतभर खाली पडले. पण ते एका सरळ ओळीत होते, एकही इकडं तिकडं नाही. मिस्त्री जवळ जाऊन बघत राहिले.

"वैनी, तुमी रोज भिंतीला धरूनच चढता का?"

"मग काय धरू?" सासूबाई वरून म्हणाल्या. "तो कठडा माझ्या खांद्याशी येतो. त्याला धरायचं म्हणजे हात वर करून बसमध्ये उभं राहिल्यासारखं."

आबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते. कठडा त्यांनी केला होता तेव्हा तो स्वतःच्या उंचीनं केला होता. ऐन तिशीतली बायको, दोन लहान मुलं, धुण्याच्या बादल्या, पाण्याच्या कळशा, सगळं त्या जिन्यावरून इतकी वर्षं वरखाली झालं, आणि ती कशाला धरून चढते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं. मला त्या घरात येऊन एकवीस वर्षं झाली होती.

"आधी का नाही बोललीस?" आबांनी विचारलं.

"कुणी विचारलं?"

आबांनी हाताचा गेरू रुमालाला पुसला. मग मिस्त्रींना म्हणाले, "कठड्याची बाजू माझ्या मापाची आहेच. भिंतीचा दांडा तिच्या खुणांवर लावा."

"पर तुमचं ऑपरेशन..."

"माझे हात लांब आहेत. पोचतात."

मिस्त्रींनी सूत धरून सासूबाईंच्या खुणांवरून रेघ मारली. सासूबाई गेरूचा हात धुवायला आत गेल्या आणि बराच वेळ नळ चालू होता.

रविवारी मी आणि आबा रिक्षानं तळवड्याला गेलो. मध्ये आमच्या दोघांच्या मांडीवर आडवा सागवानी तुकडा. आबांच्या हाताखाली एके काळी शिकलेला एक गृहस्थ तिथं आता स्वतःचा छोटा कारखाना चालवतो. तीन लेथ, पत्र्याची शेड, रविवारी बंद. आबांनी फोन केला म्हणून त्यानं खास उघडली होती. दारातच तो आबांच्या पाया पडला आणि मग लाकडाकडं पाहून त्याचा चेहरा उतरला.

"काका, लाकूड? भुसा मशिनच्या बेडमध्ये जाईल."

"प्लास्टिक अंथर. मी झाडून देतो."

"तुम्ही झाडू नका हो काका..."

"मग तू झाड."

त्यानं मुकाट्यानं प्लास्टिक अंथरलं.

मी आबांना खरं तर पेपर वाचणारा माणूस म्हणूनच ओळखत होते. माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मी पाहिलं ते त्यांचं खुर्चीतलं रूप. पेपर, चहा, भाजी निवडताना उगाच काढलेले दोष. त्या शेडमध्ये त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं, शर्टाच्या बाह्या दुमडल्या, माझ्याकडं बघून म्हणाले, "ओढणी आत खोच, केस बांध, आणि फरशीवरच्या त्या पिवळ्या पट्ट्याच्या मागे उभी राहा." आवाज असा होता की मी काही न विचारता तसं केलं. मग ते उंच स्टुलावर बसले, दुखरा पाय एका खोक्यावर ठेवला, आणि लाकूड दोन टोकांत पकडून मशीन सुरू केलं.

आधी ठकठक आवाज आला, कारण चौकोनी लाकडाचे कोपरे हत्याराला लागत होते. हळूहळू कोपरे गेले आणि आवाज एकसारखा झाला. आबा लाकडाकडं फारसं बघत नव्हते. मान थोडी वाकडी करून ऐकत होते. आवाज जरा बदलला की हात बदलायचा. सागाचा वास शेडभर पसरला आणि लांब, कुरळ्या साली त्यांच्या मनगटावरून खाली पडू लागली. खालचा अर्धा भाग चौकोनीच ठेवला, मिस्त्रींना सांधे करायला. वर मात्र एक खोबण, मग एक फुगवटा, मग पुन्हा बारीक मान. मी जुना खांब नमुना म्हणून पोत्यात गुंडाळून नेला होता. त्यांनी त्याच्याकडं एकदा पाहिलं.

"तो राहू दे. तेव्हा मला घाई होती. डोकं नीट जमलं नव्हतं."

मध्येच मशीन थांबवून त्यांनी मापाचं यंत्र माझ्या हातात दिलं. "तपास."

मी गंमत समजले. पण ते वाट बघत होते. मग मी नेहमी जसं तपासते तसं तपासलं, तीन ठिकाणी, दोनदा. आणि मला जे दिसलं ते सांगावं की नाही असा प्रश्न पडला. चाकणला मी पंचविशीतल्या टर्नरला दिवसातून दहा वेळा परत पाठवते. सासऱ्यांना कधी पाठवलं नव्हतं.

"आबा," मी म्हटलं, "मागच्या टोकाला अर्धा मिलीमीटर जास्त आहे."

कारखान्याचा मालक खोकला. "वहिनी, लाकूड आहे ते. अर्धा मिलीमीटर कुणाला..."

"गप्प बस," आबा म्हणाले. ते वाकले, मागच्या बाजूचा आधार चाचपला. "सेंटर सरकलाय. बरोबर बोलतीय ती." त्यांनी तो नीट केला आणि पुन्हा एक हलका हात फिरवला. "आता?"

"आता ओके."

"सही कर," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. मी कानामागची पेन्सिल काढली. हो, मिस्त्रींची सवय मलाही लागली होती. खांबाच्या चौकोनी भागावर, जिथं नंतर झाकलं जाणार होतं, मी माझी नेहमीची सही केली.

सगळ्यात शेवटी डोकं. ते करायला त्यांनी अर्धा तास घेतला. थोडं कातायचं, मशीन थांबवायचं, तळहात ठेवून बघायचं. मग मला बोलावलं. "तुझा हात बसतो का बघ." बसला. कारखान्याच्या मालकाचाही बसवून पाहिला. मग ते म्हणाले, "तिचा हात तुझ्याहून लहान आहे," आणि अजून एक पातळ साल काढली.

परतताना रिक्षात त्यांचा पाय इतका सुजला होता की डांगे चौकाच्या सिग्नलला त्यांनी डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "उगाच आणलं तुम्हाला." ते डोळे न उघडता म्हणाले, "पुढच्या आठवड्यात कापायचाच आहे तो गुडघा. त्याचं काय एवढं?"

सोमवारपासून बसवणी सुरू झाली. आता माझी आणि मिस्त्रींची जुंपली. मिस्त्रींना खांब फरशीत खड्डा करून रोवायचा होता, पहिल्यासारखा. मी म्हटलं, मग तो पहिल्यासारखाच कुजेल. माझी कल्पना अशी होती की काँक्रीटमध्ये आट्याची जाड सळई घट्ट बसवायची, तिच्यावर एक स्टीलची चकती, आणि खांब त्या चकतीवर चढवून आवळायचा. म्हणजे लाकूड फरशीपासून बोटाच्या पेराएवढं वर राहील. पाणी आलं तरी खालून निघून जाईल.

"खांब हवेत?" मिस्त्री म्हणाले. "लोक हसतील."

"लोक वाकून बघणार आहेत का?"

"मी बगनार की."

शेवटी सासूबाईंनी निकाल दिला. त्या मोरीतून हातात झाडू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ती म्हणते तसं करा. मी फरशी धुवायची सोडणार नाहीये." मिस्त्री विरघळले. पण पेराएवढी फट त्यांना पटेना. त्यांनी ती निम्मी केली आणि भोवती सागाची एक बारीक चौकट केली. ती उचलता येते. फट दिसत नाही, पाणी अडत नाही. माझ्या डोक्यात हे आलं नसतं.

मग ओळंबा लावला. दोरीला टांगलेलं पितळी वजन स्थिर झालं आणि मिस्त्री समाधानानं म्हणाले, "सरळ हाय." पण मागं सरून पाहिलं तर खांब चक्क वाकडा दिसत होता. आम्ही तिघांनी तीन ठिकाणी उभं राहून पाहिलं. वाकडा. मिस्त्रींनी ओळंबा खांबाशेजारच्या भिंतीच्या कोपऱ्याला लावला.

"खांब सरळ हाय," ते म्हणाले. "घर कललंय."

"घर सरळ आहे," आबा खुर्चीतून म्हणाले. "मी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय."

"उभं व्हता तवा तुमी बी कलून उभं असाल."

मला वाटलं आता आबा भडकणार. त्यांनी एक डोळा मिटून कोपऱ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "खांब सरळच ठेवा. सवय होईल." आणि झालीही. आता मला तो वाकडा दिसत नाही. पाहुण्यांना दिसतो.

बुधवारी दोन्ही दांडे बसले. कठड्याच्या दांड्याचं टोक खांबाच्या मानेत अडकवताना मिस्त्रींनी चार वेळा काढून पटाशीनं कणकण तासलं. पाचव्या वेळी ते असं आत गेलं की पत्त्याचं पानही सरकलं नसतं. भिंतीचा दांडा पितळी ब्रॅकेटांवर बसवला, सासूबाईंच्या रेघेवर. वर तेलाचे दोन हात. मिस्त्री निघताना दारात थांबले, खिशातून फोन काढला आणि खांबाचे सात-आठ फोटो काढले. "पोराला धाडतो," म्हणाले. "त्येला वाटतं आमी निस्तं कपाटं बनवतो."

गुरुवारी आबांचं ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि ऑपरेशनच्या बाबतीत याहून चांगली गोष्ट नसते. सोमवारी आम्ही त्यांना घरी आणलं. मी तीन दिवस रजा वाढवून घेतली होती. हॉलमध्ये मी गुपचूप एक पलंग टाकून ठेवला होता, न जाणो. त्यांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. वॉकर भिंतीला लावला आणि जिन्यासमोर उभे राहिले.

मिस्त्रीही हजर होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "सहज आलो," म्हणाले.

सासूबाई वरच्या टोकाला उभ्या राहिल्या. मी आबांच्या मागं, दोन्ही हात त्यांच्या कमरेपासून इंचावर. फिजिओच्या बाईंनी सांगितलेलं मी मोठ्यानं म्हणत होते, "चढताना चांगला पाय आधी, मग दुखरा." आबांनी डावा हात खांबाच्या डोक्यावर ठेवला, उजवा भिंतीच्या दांड्यावर, आणि पहिली पायरी चढले. दुसरी. तिसरी. सासूबाईंचे ओठ हलत होते. चौथ्या पायरीवर आबा थांबले.

"आबा? दुखतंय? बसायचंय?"

मान खाली. डावा हात दांड्यावरून थोडा मागं गेला, थोडा पुढं आला.

"चक्कर येतीय का हो?" सासूबाई वरून ओरडल्या. मिस्त्री दोन पायऱ्या चढून माझ्या मागं आले.

"इथं," आबा म्हणाले, अंगठा घासत, "इथं एक धार राहिलीय. पॉलिश पेपर आण."

"आत्ता?"

"मग कधी? हात रोज इथूनच जाणार."

मिस्त्रींनी पुढं वाकून बोट लावलं. "हाय," ते कबूल झाले. "बारीक हाय, पर हाय." आणि त्यांच्या खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा निघाला. तो माणूस सहज आला होता, पण खिसा भरून आला होता. मग चार दिवसांचा नवा गुडघा घेऊन आबा चौथ्या पायरीवर उभे राहून दांडा घासू लागले. मी मागून त्यांना कमरेला धरलेलं, मिस्त्री खालून "वाईच उजवीकडं" सांगतायत, आणि सासूबाई वर कपाळाला हात लावून पायरीवरच बसलेल्या.

"आता बघ," आबा म्हणाले. मी अंगठा फिरवला. धार गेली होती.

"ओके," मी म्हटलं.

उरलेल्या सात पायऱ्या ते न थांबता चढले. वर पोचल्यावर सासूबाईंनी त्यांना धरलं नाही. त्या म्हणाल्या, "आता खाली कधी यायचंय, की चहा वरच आणू?" चहा वरच नेला. मिस्त्रींनी तो जिन्यात बसून प्यायला.

दीड महिन्यात आबा काठीशिवाय वावरू लागले. तुळईचे काही तुकडे उरले होते, ते मिस्त्रींनी पिशवीत घालून जिन्याखाली ठेवले होते. एका रविवारी सकाळी आबा ती पिशवी घेऊन दारात उभे दिसले.

"कुठं निघालात?"

"तळवड्याला. त्याचा फोन होता. शेड उघडी ठेवतो म्हणाला."

"काय करणार आहात?"

"लाटणी," ते म्हणाले. "तुझ्या सासूला तिचं जुनं लाटणं जड होतं म्हणे. कालच कळलं."

ते बसथांब्याकडं चालत गेले. गल्लीच्या वळणापर्यंत मी बघत होते. पाय जरासा आखडतो अजून, पण चाल चांगली आहे.